बाटलीतला पालाश
(द्वितीय वर्ष, कला)

शेतकऱ्याच्या घरात 'पालाश' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे आम्ही खताच्या पोत्यावर वाचतच मोठे होतो, आणि उसाला यातले कोणते, किती व केव्हा घालायचे याची चर्चा आमच्याकडे ताटावर बसल्यावरसुद्धा थांबत नाही. पालाशासाठी पांढरे किंवा तांबूस दाणे असलेले जे खत येते त्याला दुकानदार 'म्युरेट ऑफ पोटॅश' म्हणतो. रसायनशास्त्रात त्याचे नाव पोटॅशियम क्लोराईड. आता ज्यांच्या घरी पायावर सूज असलेले, 'लघवी होण्याच्या' गोळ्या चालू असलेले एखादे वडीलधारे माणूस आहे, त्यांनी कपाटातली खारट-कडवट औषधाची बाटली काढून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचून पाहावीत. तेथेही बहुधा हेच नाव सापडेल. खताचे पोते आणि औषधाची बाटली यांत शुद्धतेचे अंतर जमीन-अस्मानाचे आहे आणि एकाच्या जागी दुसरे कधीच चालणार नाही, हे उघड आहे. पण मूळ द्रव्य एकच.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध नाही. तरी या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो त्याचे कारण असे की, आमच्या घरात इंग्रजी अक्षरे वाचू शकणारा मी पहिलाच. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासणीचे कागद आणि बाटल्यांवरची लेबले वाचून दाखविण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. वाचताना प्रश्न पडत गेले. काहींची उत्तरे पुस्तकांत मिळाली, काही एका डॉक्टरांना विचारून घेतली. या लेखावरून कुणी औषध सुरू करू नये, आणि चालू असलेले मनाने बंदही करू नये. डॉक्टरांना काय विचारावे एवढे समजले तरी पुरे.

पोटॅशियम हा धातू सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली लंडनमध्ये विजेच्या साहाय्याने प्रथम वेगळा केला. राखेतून मिळणाऱ्या 'पोटॅश' या क्षारावरून त्यांनी त्याला नाव दिले. माणसाच्या शरीरात तो भरपूर असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १३० ते १४० ग्रॅम. पण त्याची वाटणी फार विलक्षण आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पेशींच्या आत असतात आणि उरलेले दोन भाग रक्तात व पेशींबाहेरच्या पाण्यात. म्हणजे बाहेर एकूण मिळून अवघे अडीच ग्रॅमच्या आसपास. ही विषमता टिकविण्यासाठी प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप रात्रंदिवस चालू असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. विहिरीवरच्या मोटारीसारखा, फक्त याला लोडशेडिंग ठाऊक नाही. डेन्मार्कच्या जेन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आत जास्त आणि बाहेर कमी, या फरकामुळेच मज्जातंतूंतून संदेश जातो, स्नायू आखडतो-सैल होतो आणि हृदय ठोके देते. म्हणून बाहेरचे, म्हणजे रक्तातले, प्रमाण फार अरुंद मर्यादेत राहावे लागते. लिटरमागे ३.५ ते ५.० 'मिलिइक्विव्हॅलंट' अशी ती मर्यादा आहे. (हे माप उच्चारताना माझीही जीभ अडखळते, पण तपासणीच्या कागदावर तेच असते, म्हणून माहीत हवे.) त्याच्याखाली गेले तर स्नायू दुबळे होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, बद्धकोष्ठ होते, हृदयाची लय बिघडते. त्याच्या बरेच वर गेले तरीही स्नायू दुबळे होतात आणि हृदयाची लय बिघडते. फक्त ती बिघडून थांबूही शकते. सिडनी रिंगर यांनी १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये बेडकाचे हृदय क्षारांच्या पाण्यात ठेवून प्रयोग केले. ते हृदय धडधडत राहण्यासाठी पाण्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम ही दोन्ही योग्य प्रमाणात लागतात, आणि पोटॅशियम फार झाले की ते स्तब्ध होते, असे त्यांना दिसले. अमेरिकेतील काही राज्यांत देहदंडासाठी जी इंजेक्शने देत आली आहेत त्यांतले शेवटचे पोटॅशियम क्लोराईडचेच असते. शिरेतून एकदम देणे आणि तोंडाने चमच्याने घेणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. तोंडाने घेतलेले हळूहळू रक्तात उतरते, काही पेशींत शिरते आणि उरलेले मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. रोज पोटात येणाऱ्या पोटॅशियमपैकी दहातले नऊ भाग मूत्रपिंडांनाच बाहेर काढावे लागतात. पुढचे सारे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

मग हे औषध देतातच का? देतात, कारण गरज असते. सुजेवर किंवा रक्तदाबावर लघवी वाढविणाऱ्या फ्रुसेमाइडसारख्या गोळ्या पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून नेतात. जुलाब-उलट्यांतही ते जाते. हृदयरोगासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाचे पोटॅशियम उतरले तर ते फारच धोक्याचे. अशा वेळी ही खारट बाटली जीव वाचविते, आणि तिला नुसती नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

पण तिचे उपद्रवही आहेत. पहिला उपद्रव पोटाचा. मळमळ, उलटी, पोटात जळजळ, वायू, जुलाब यांतले काही ना काही पुष्कळांना होते. औषध दाट असते. आपल्याकडे मिळणाऱ्या पातळ औषधाच्या १५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे मोठ्या चमचाभरात, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असते. जुलाबावर जी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओ.आर.एस.ची पुडी देतात तिच्यातही नेमके दीड ग्रॅमच असते; पण ती पुडी एक लिटर पाण्यात कालवायची असते. तेच द्रव्य, तितकेच वजन, एकीकडे लिटरभर पाण्यात आणि दुसरीकडे चमचाभर. यावरून बाटलीवर 'भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्यावे' असे का छापलेले असते ते ध्यानात येईल. छापलेले असते इंग्रजीत. आमच्या गावात मी स्वतः पाहिलेल्या तीन घरांत ते झाकणात ओतून तसेच गिळले जात होते आणि वर घोटभर पाणी. कारण खोकल्याचे औषध तसेच घेतात.

गोळ्यांचा इतिहास तर याहून बोलका आहे. पोटाला त्रास नको म्हणून पूर्वी पोटॅशियमच्या गोळीला असा लेप देत की ती जठरात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळावी. ती विरघळली की आतड्याच्या एकाच जागी सगळा क्षार एकदम सुटे. १९६४ मध्ये अमेरिका आणि स्वीडन येथून वृत्ते आली की, अशा गोळ्या घेणाऱ्या रोग्यांच्या लहान आतड्यात व्रण पडत आहेत, तो भाग आकसून वाट बंद होत आहे आणि काहींवर शस्त्रक्रिया करावी लागत आहे. त्यानंतर मेणासारख्या जाळीतून क्षार हळूहळू झिरपू देणाऱ्या गोळ्या आल्या. त्या पुष्कळ बऱ्या. पण त्यांनाही अटी आहेत. त्या चावू नयेत, कुटू नयेत, पेलाभर पाण्याबरोबर बसून किंवा उभ्याने घ्याव्यात आणि लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तेथेच व्रण करते. ज्यांच्या हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगलेला असतो त्यांच्या अन्ननलिकेवर तो पुढून दाब देतो, आणि गोळी अडकण्याची भीती त्यांनाच अधिक. लहानपणी सांधेज्वर होऊन झडप खराब झालेल्या रोग्यांत असा फुगलेला कप्पा नेहमी आढळतो. अशांना डॉक्टर गोळीऐवजी पातळ औषध देणे पसंत करतात. या गोळ्यांचा रिकामा सांगाडा कधी कधी शौचावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. तो पाहून 'गोळी लागूच पडली नाही' अशा समजुतीने दुसरी घेऊ नये. आतला क्षार केव्हाच शरीरात गेलेला असतो.

अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पोटॅशियमच्या पूरक गोळ्यांत बहुधा ९९ मिलिग्रॅमच पोटॅशियम असते. एका मध्यम केळ्यात त्याच्या चौपट, सुमारे चारशे मिलिग्रॅम! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. पण आतड्याच्या व्रणांची ती हकिगतच या सावधगिरीच्या मागे आहे. केळ्यातले पोटॅशियम गराबरोबर सावकाश सुटते. गोळीतले एका बिंदूवर.

आता दुसरा आणि खरा धोका. चमचाभर औषधात पोटॅशियम धातू पाऊण ग्रॅमहून किंचित जास्त भरतो. वर सांगितलेच आहे की पेशींबाहेर एकूण पोटॅशियम अडीच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मात्रेत त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा आत जातो. निरोगी माणसाची मूत्रपिंडे हे ओझे काही तासांत निस्तरतात. त्याला कळतही नाही. पण ज्याची मूत्रपिंडे मधुमेहाने, रक्तदाबाने किंवा नुसत्या वयाने मंदावली आहेत त्याच्या शरीरात ते साठत जाते. आणि गंमत, खरे तर दुर्दैव, असे की पोटॅशियमचे औषध ज्यांना द्यावे लागते ते बहुतेक याच वर्गातले असतात.

त्यात आणखी भर पडते ती इतर औषधांची. रक्तदाबाची आणि हृदयाची अनेक उत्तम औषधे पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, आणि सर्वांत मुख्य म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक या गोळ्या मूत्रपिंडांचे काम मंदावतात आणि तोच परिणाम करतात. त्या तर आमच्याकडे किराणा दुकानातही मागितल्या जातात. लघवीच्या जळजळीवर दिले जाणारे ट्रायमेथोप्रिमही त्याच वाटेचे. यांतले एकेक औषध ठीक असते. दोन-तीन एकत्र आली आणि वर ही बाटली चालू राहिली की गणित चुकते.

हे नुसते पुस्तकी भय नाही. १९९९ साली एका मोठ्या चाचणीत असे सिद्ध झाले की, गंभीर हृदयदौर्बल्यात स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटतात. डॉक्टरांनी ते भराभर लिहावयास सुरुवात केली, आणि ते योग्यही होते. पण चाचणीत रोग्यांचे रक्त वारंवार तपासले जात होते. बाहेरच्या जगात तसे होत नव्हते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधकांनी हृदयदौर्बल्यासाठी इस्पितळात राहून आलेल्या, एनालाप्रिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या वृद्धांची नोंद तपासली. रक्तातले पोटॅशियम वाढल्यामुळे इस्पितळात येणाऱ्यांचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. त्यामुळे होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही स्थिती कॅनडाची, जेथे कुटुंबाचा डॉक्टर ठरलेला असतो आणि नोंदी ठेवल्या जातात. आपल्याकडे एकाच रोग्याच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात आणि एकाची दुसऱ्याला वार्ता नसते.

आमच्या आत्याचे असेच झाले. तिच्या पायावर सूज आली तेव्हा तालुक्याच्या एका डॉक्टरांनी लघवीची गोळी आणि ही बाटली पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. सूज उतरली. पुढे दम लागू लागला म्हणून जिल्ह्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले. त्यांनी गोळ्या बदलल्या आणि त्यांत स्पायरोनोलॅक्टोन होते. बाटलीचे त्यांना कुणी सांगितलेच नाही, कारण आमच्या लेखी ती औषधात जमा नव्हती. आत्या तिला 'ताकदीचं औषध' म्हणे. औषधांच्या दुकानात जुनी रिकामी बाटली दाखविली की नवी मिळे. कुणी चिठ्ठीवरची तारीख पाहिली नाही. असे पाच महिने चालले. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "पायात जीवच न्हाई रं राह्यला. जिना चढवंना." घरच्यांचे मत पडले की अशक्तपणा आहे, ताकदीचे औषध दोनदा द्यावे. मी बाटलीवरचे नाव आणि नव्या चिठ्ठीवरची नावे एका कागदावर उतरून काढली आणि तिला घेऊन पुन्हा जिल्ह्याला गेलो. रक्त तपासले. ६.४ निघाले. हृदयाचा आलेखही बदललेला होता. दोन दिवस तिला ठेवून घेतले आणि बाटली बंद केली. आता ती बरी आहे. मात्र बाटली बंद केल्याबद्दल अजून थोडी नाराज असते.

या हकिगतीतली एक गोष्ट मला सर्वांत घातक वाटते. पोटॅशियम कमी झाले तरी अशक्तपणा आणि फार झाले तरी अशक्तपणा. लक्षणावरून घरच्या माणसाला फरक कळणे शक्य नाही. डॉक्टरांनाही नुसते पाहून कळत नाही. बऱ्याच जणांना तर काहीच होत नाही. पहिले लक्षण म्हणजे हृदयाची लय बिघडून कोसळणे. म्हणून तपासणीला पर्याय नाही. ५.५ च्या वर गेले की दखल घ्यावी लागते आणि ६.५ च्या वर ती तातडीची बाब ठरते. हृदयाच्या आलेखात आधी 'टी' नावाची लाट उंच व टोकदार होते, मग पुढच्या लाटा रुंदावत जातात. इस्पितळात गेल्यावर उपाय आहेत. कॅल्शियमचे इंजेक्शन हृदयाला तेवढ्यापुरते संरक्षण देते, ग्लुकोजबरोबर दिलेले इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते, दम्यावरचे साल्बुटामॉल वाफेतून दिले तरी तेच होते. पण हे सारे वेळ मिळविण्याचे उपाय. जादा पोटॅशियम शरीराबाहेर काढावेच लागते, लघवीवाटे, शौचावाटे किंवा शेवटी डायलिसिसने.

तपासणीबद्दलही एक बारकावा आहे. रक्त काढताना दंड फार वेळ आवळला, मूठ पुन्हा पुन्हा मिटायला लावली, किंवा नमुना खेड्यातून शहरातल्या प्रयोगशाळेत जाईपर्यंत तासन्‌तास पडून राहिला, तर पेशींतले पोटॅशियम नळीतच बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच मोठा येतो. म्हणून अनपेक्षित आकडा आल्यास डॉक्टर पुन्हा रक्त मागवितात. तो पैसे काढण्याचा डाव नसतो. (कधी असेलही, पण या बाबतीत नव्हे.)

मग केळी, शहाळे, टोमॅटो, बटाटा यांचे काय, असे विचारले जाते. मूत्रपिंडे धड असलेल्या माणसाने मनसोक्त खावे. आहारातून पोटॅशियम मिळणे रक्तदाबाला हितकारकच आहे. एका शहाळ्यात पाचसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असते. मूत्रपिंडाच्या रोग्याला मात्र तेच शहाळे, 'थंड असतं, बाधत नाही' म्हणून प्रेमाने पाजलेले, भारी पडू शकते. इस्पितळात रोग्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत आहे. निदान डायलिसिसच्या खोलीत जाताना तेवढे टाळावे. अशा रोग्यांना भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी टाकून द्यावयास सांगतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरते.

अलीकडे पोटॅशियम आणखी एका दाराने स्वयंपाकघरात येऊ लागले आहे. ते म्हणजे 'कमी सोडियमचे' मीठ. यात नेहमीच्या मिठाचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. ही वस्तू वाईट मुळीच नाही. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर केलेल्या प्रयोगात, तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराईड असे मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण चौदा टक्क्यांनी कमी आढळले. २०२१ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पण गंभीर मूत्रपिंडविकाराच्या रोग्यांना त्या प्रयोगात घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही प्रौढांपुरती. मूत्रपिंडे बिघडलेल्यांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना ती लागू नाही असे स्पष्ट म्हटले आहे. एकाच चुलीवर सगळ्या घराचे जेवण शिजते, आजोबांसाठी वेगळे मीठ कुणी ठेवीत नाही. तेव्हा घरात मूत्रपिंडाचा रोगी असेल, किंवा वर लिहिलेल्यांपैकी एखादी गोळी कुणाला चालू असेल, तर असल्या मिठाचे पाकीट आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि दवाखान्यात जाताना चिठ्ठ्यांच्या पिशवीत बाटल्याही टाकाव्यात. ताकदीची म्हणून बाजूला ठेवलेली असेल तीसुद्धा.